वस्तऱ्यासाठी जपानी जोडदगड: हजारची बाजू अव्वल, सहा हजारची अपुरी

वस्तऱ्याला धार लावायला १०००/६००० चा जपानी जोडदगड (एका बाजूला हजार नंबरचा, दुसऱ्या बाजूला सहा हजारचा; नंबर मोठा तितका कण बारीक) घ्यावा का, असं कारखान्यातले दोघं-तिघं विचारून झाले. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. घ्या. पण पैसे हजार नंबरच्या बाजूचे देताय असं धरून चाला. सहा हजारची बाजू दाढीच्या उंबऱ्यापर्यंत सोडते, आत नेत नाही.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर जॉबर, म्हणजे माग नीट चालते ठेवणारा. वस्तरा सासऱ्यांचा. पात्याच्या बुडाशी ‘सोलिंगेन’ (जर्मनीतलं सुऱ्या-वस्तऱ्यांचं गाव) कोरलेलं, शिंगाची मूठ. आजकाल सलूनमध्ये अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा असतो तो नव्हे, त्याला दगड लागतच नाही. हा अखंड पोलादी, दोन्ही अंगांनी खोलगट घासलेला.

डब्यात दगड, प्लास्टिकची बैठक आणि सुरी कोनात धरायची एक क्लिप येते. क्लिप स्वयंपाकघरात देऊन टाका. वस्तऱ्याचा कोन त्याची पाठच ठरवते. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या ठेवायच्या, धार पुढं करून सरकवायचं, शेवटाला पाठीवर कूस बदलायची आणि परत यायचं. ज्यांचा हात सुरी-विळीवर बसलाय त्यांना हेच जड जातं. मनगट आपोआप उचललं जातं.

दगड आला तसा वापरायचा नाही, हे डब्यावर कुठंही लिहिलेलं नाही, आणि माझी पहिली तक्रार तीच. नवा दगडही सपाट असेलच असं नाही. माझा मधे उंच होता. जाड काच घ्या, तिच्यावर ओला वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर) टाका, दगडावर पेन्सिलीनं चौकटी आखा आणि घासा. चौकटी कडेला पुसल्या जाऊन मधे राहिल्या तर दगड खोलगट, मधे आधी पुसल्या तर उंच. सगळ्या जाईपर्यंत थांबायचं नाही. हजारची बाजू मऊ आहे, वापरानं लवकर खड्डा धरते. त्यामुळं हे काम परत परत करावं लागतं. सुरीला थोडा खड्डा चालून जातो, वस्तऱ्याला नाही, कारण त्याची अख्खी धार एका रेषेत टेकायला लागते.

आता हजारची बाजू. विटकरी रंगाची आहे. पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. पोलाद असं पकडते की दोन-चार हातांत पाणी करडं होतं. धारेच्या दोन्ही उतरणी एकमेकींना भिडायला हव्यात, वस्तऱ्याचं निम्म्याहून जास्त काम तेवढंच. भिडल्या की नाही हे कसं कळणार? धारेवर काळ्या मार्करची रेघ मारा, वस्तरा दगडावरून एकदा फिरवा आणि भिंगातून बघा. माझ्याकडे पिक ग्लास आहेच, कापडाच्या इंचात किती पिक, म्हणजे आडवे धागे, बसले ते मोजायचं आमचं भिंग. त्यात स्वच्छ दिसलं: टोकापासून मधल्यापर्यंत शाई गेलेली, बुडाशी मात्र काळी रेघ तशीच्या तशी. तेवढी धार दगडाला लागतच नव्हती. पातं दगडाच्या रुंदीपेक्षा लांब असतं, म्हणून ते बुडाकडून टोकाकडे तिरकं ओढायचं. सुरुवातीला बूड दगडावर, शेवटी टोक. तसं केल्यावर शाई एकसारखी निघाली. पुढं हातावरचे केस बुडापासून टोकापर्यंत सारखे उडायला लागले की हजारचं काम झालं. जोर शेवटी शेवटी एकदम कमी. वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाएवढाच.

सहा हजारची बाजू भिजत घालू नका, वर पाणी शिंपडलं की पुरे. धार आरशासारखी चमकते आणि माणूस फसतो. हजारचा कण साधारण १२-१४ मायक्रॉनचा, सहा हजारचा दोनच्या आसपास. सुरीला ही चैन झाली. गालावर मात्र ही धार ओढते, विशेषतः हनुवटीखाली. पुढं आठ हजार आणि मग बारा हजार असे दगड लोक वापरतात, बेल्जियमचा पिवळा कोटिक्यूल वापरणारेही आहेत. त्यांच्या किमती बघून मी टॅब बंद केला. मी चामड्याच्या पट्ट्याला क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट लावतो, अर्ध्या मायक्रॉनची, आणि नंतर साध्या पट्ट्यावर फिरवतो. दाढी होते. लोण्यासारखी नाही, पण साबणाच्या फेसासकट केस जातात आणि तुरटी फिरवताना आग होत नाही.

पट्ट्याचं मला आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्या मामांनी दाखवलं. त्यांनी हा धंदा काळ्या दगडावर आणि पट्ट्यावर सुरू केला होता, आता गिऱ्हाईक नवं ब्लेड डोळ्यांदेखत घालायला लावतं. माझा हात बघून म्हणाले, “काय करायलायस बे? पट्टा कापशील की. दगडावर धार पुढं, पट्ट्यावर पाठ पुढं.” माझा जपानी दगड त्यांनी नखानं खरवडून बघितला आणि सहा हजारच्या बाजूवर काही बोललेच नाहीत. हजारच्या बाजूला मात्र “बरा हाय” मिळालं, आणि मामा एवढं सुद्धा सहसा देत नाहीत.

सोलापुरात वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पाणी रोज येत नसलं तरी घाबरू नका, एका डबड्यातल्या पाण्यात सगळं भागतं. दगडाचा जो गाळ त्यात उतरतो तो मोरीत न ओतता कुंडीबाहेर मातीत टाका, पाइपात बसतो. आणि एप्रिल-मे मध्ये ओला दगड गच्चीवर वाळत घालू नका, एकदम वाळला तर तडकू शकतो. सावलीत, पंख्यापासून लांब, उभा ठेवा. पट्टाही त्या दिवसांत कडक पडतो, तळहात घासून मऊ करायचा.

पाचपैकी साडेतीन. आधी आठ हजारचा दगड घरात असेल तर हा जोडदगड घेऊच नका, नुसता हजारचा वेगळा घ्या. ज्यांना सुरी आणि वस्तरा दोन्हीला एकच दगड हवाय त्यांना हा ठीक, फक्त वस्तऱ्याच्या आधी दर वेळी सपाट करायची तयारी पाहिजे. काच घेताना काचवाल्याकडून कडा घासून घ्या, नाहीतर वस्तऱ्याआधी तीच बोट कापते.