दांडिया बाजारातील व्यवहारी गणिताचा वर्ग: एका पालकाचा अभिप्राय

आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी वडोदऱ्यात दांडिया बाजारात शनिवार-रविवारी भरणाऱ्या या वर्गाला माझी मुलगी गेल्या पावसाळ्यापासून जाते. महिना बाराशे रुपये शुल्क जरा जास्तच वाटते. जागा मात्र ऐसपैस आहे.

४७ जणांना पावागडला न्यायचे असून एका गाडीत ६ जण बसतात, तर गाड्या किती लागतील, या प्रश्नावर बऱ्याच मुलांनी ‘७, बाकी ५’ असे लिहिले. तेव्हा बाईंनी उत्तर न खोडता, उरलेल्या पाच जणांची समजूत कोण घालणार, एवढेच विचारले. अमेरिकेतही १९८३च्या सुमारास राष्ट्रीय चाचणीतील सैनिक आणि बसगाड्यांच्या अशाच उदाहरणात असंख्य मुले बाकीपाशीच अडली होती, त्यामुळे हा दोष केवळ आपल्या शाळांचा नव्हे.

वर्गाचे खरे बळ खंडेराव मार्केटच्या फेरीत आहे. ठरलेल्या रकमेत पंधरा माणसांच्या उंधियूची भाजी आणायची, पण किती आणायची हे कोणीच सांगत नाही. ते घरी आजीला विचारून, तुरीच्या शेंगा सोलल्यावर दाणे किती उरतील याचा अंदाज बांधून आणि भाजीवाल्याशी गुजरातीत घासाघीस करून मुलांनाच ठरवावे लागते. कोणती माहिती हवी हे शोधणे हेच या गणिताचे अवघड अंग आहे आणि पाठ्यपुस्तकातील शाब्दिक उदाहरणांत नेमके तेच आयते मिळते.

म्हणूनच घरी सोडवायला दिलेले छापील कागद निराश करतात. त्यांत सगळे आकडे तयार असतात आणि बाजारातील हिशेबाशी त्यांचा काही संबंध नसतो. ब्राझीलच्या रेसिफे शहरातील फेरीवाल्या मुलांवरील, १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही मुले धंद्यात सुमारे ९८ टक्के हिशेब अचूक करत, परंतु तसेच हिशेब निव्वळ आकडेमोड म्हणून कागदावर दिल्यावर त्यांना ३७ टक्क्यांच्या आसपासच जमले. बाजारातील गणित आपोआप वहीत उतरत नाही. त्यासाठी खरेदीच्या चिठ्ठ्यांवरूनच उदाहरणे मांडून घ्यायला हवीत, आणि बाईंना हे सुचवले असता त्यांनी ते मनावर घेतलेले दिसले.

ज्यांचे पाढे कच्चे आहेत, अशी मुले फेरीत मागे पडतात आणि हिशेब दुसऱ्यावर सोपवून पिशवी धरतात. त्यांच्या पालकांनी आधी घरी पाढे पक्के करून मगच प्रवेश घ्यावा.