एच अँड एन फिनाले मॅच ४.५० : डबी भारी हाय, पण वरचा आकडा बघून घ्या

सात-आठ महिने झाले ही एअर रायफलीच्या छर्‍यांची डबी वापरायलोय. लिहायचं कारण एवढंच की लातुरात कुणालाबी छर्‍याचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "महागाचा घ्या, चांगलाच लागतो". तसं नसतंय ते.

पोरगी १० मीटर एअर रायफल खेळती. माझ्या डोक्यात बंदूक म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतली फुगे फोडायची, तिथं छर्रा कसला का असंना, फुगा फुटला की पैसे वसूल. इथं दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि पॉइंट मोजतेत ते १०.९ पर्यंत, त्यामुळं केसभर सरकलं तरी लेकराचं तोंड उतरतंय.

तर डबीवर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे येतेत. हा छर्‍याच्या डोक्याचा व्यास, मिलिमीटरमधे. मी पहिली आणली ४.४९ ची, कारण दुकानात तेवढीच होती आणि दुकानदार म्हणला, "साहेब, ०.०१ नं काय फरक पडतंय!" पोरीला शिकवणाऱ्या सरांनी रायफल पिशवीवर टेकवून पाच मारले तर कागदावर पाच भोकं वेगवेगळी मोजता यायलेली. मग क्लबातल्या एका पोराकडून ४.५० चे दहा दाणे मागून आणले, त्याच रायफलीतून, त्याच हातानं, तर सगळे एकाच भोकात. पहिली डबी वाईट नव्हती बरं का, आमच्या नळीला ती सैल व्हायली. दुसऱ्याच्या नळीला तीच फिट बसंल. म्हणून आख्खी ५०० ची डबी घ्यायच्या आधी दहा-वीस दाणे मागून बघा, लाजू नका.

आता बसवायचं. क्लबातल्या रायफलीत छर्रा ठेवला की पुढं ढकलणारी दांडीच असती, ती दर टायमाला सारखाच आत नेती. खरी कसरत घरच्या सरावाच्या मोडून भरायच्या बंदुकीत, तिथं सगळं अंगठ्यावर. छर्‍याचा मागचा घेर पोकळ अन् शिसं मऊ, हवेचा दाब आला की तो घेर फुलून नळीला चिकटतो, म्हणून हवा निसटत नाही. तो जरा बाहेर राहिला तर नळी बंद करताना चेंबतो, आणि नखानं दाबला तर एका बाजूनं खळगा पडतो. पोरगी कधी वर मारायची कधी खाली, आम्ही आठवडाभर नेम धरायच्या साईटलाच दोष देत बसलो! आता बॉलपेनच्या टोपणाचं गुळगुळीत टोक लावून हलकं दाबतो, कडा नळीच्या तोंडाला समान झाली की थांबायचं. किती आत हे प्रत्येक बंदुकीचं वेगळं, पण दर टायमाला तेवढंच पाहिजे.

मोठ्या रायफलवाले काडतुसात गोळी किती खोल बसवायची, नळीतल्या पेचदार आट्यांपासून किती लांब ठेवायची ह्याच्यावर रात्र काढतेत, तो हाच खेळ. फक्त तिथं खोली बदलली की दाबबी बदलतो, आणि आपल्याकडं बिगर लायसनचं काडतूस भरणं कायद्यात बसत नाही, तवा तो नाद नको. कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमधे ५० मीटरला ब्राँझ आणलं, ती .२२ ची रायफल. तिचं काडतूस कंपनीतूनच भरून येतंय, त्यामुळं त्या लेव्हलचे खेळाडू वेगवेगळे लॉट, म्हणजे एकेका खेपेचा माल, आपल्या नळीतून मारून बघतेत आणि जो जुळला तोच साठवून ठेवतेत. आमच्या दहा दाण्यांचंच मोठं रूप म्हणा.

लांबवर मात्र हा छर्रा नेऊ नका. मामाच्या शेतात विहिरीच्या मातीचा ढीग हाय, त्याच्या पुढं कागद लावून ४० मीटरवरून मारला तर ग्रुप, म्हणजे सगळ्या भोकांचा पसारा, पार ताटाएवढा. तोंड चपटं ना, कागदाला गोल भोक पडावं म्हणून केलेलं, हवेत लवकर दमतंय. लांबला गोल डोक्याचा घ्या, आमचा लगेच वाटीत आला, पण दुपारचं वारं सुटलं की त्योबी भरकटतो. शेजारचे काका बांधावरून विचारायले, "रानडुकराला लागंल का?" काका, जेलात जायचंय का!

एक स्टार कापलाय तो छर्‍याचा नाही, पाठवणाऱ्याचा. दुसरी डबी ऑनलाईन मागवली तर नुसत्या पातळ पिशवीत आली, झाकण दबलेलं, वरच्या थरातले कितीतरी दाणे चेंबलेले. फोन केला तर म्हणले, उघडलेली डबी परत घेत नाही. आता न उघडता मला आतलं कसं दिसावं? तवा डबी उघडतानाच व्हिडिओ काढा. आणि छर्रे हाताळले की बोटं काळी होतेत ते शिसं हाय, साबणानं धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू देऊ नका लेकरांना.

आता ४.५१ बी एकदा मारून बघायचाय. लातूर-धाराशिवकडं कुणाकडं उरलेला असंल तर वीसेक दाणे द्या, बदल्यात माझी ४.४९ ची घेऊन जा, जवळपास भरलेलीच हाय.