२१३ दिवसांचा दिवा विझला: पाइपवाल्या गेमचा आठ महिन्यांचा अनुभव

गेमचं नाव लिहीत नाही. पाइप फिरवून टाकीतलं पाणी झाडापर्यंत न्यायचं, पाच लाइफ, रोजची पेटी, स्टिकरचा अल्बम आणि डाव्या कोपऱ्यात स्ट्रीकचा, म्हणजे एकही दिवस न चुकवता सलग किती दिवस खेळलो ते मोजणारा दिवा, एवढ्यावरून खेळणाऱ्यांना कळलंच असेल. ज्यांनी हा खेळला नाही त्यांनी याचीच चार भावंडं खेळली असतील. त्यामुळे कसा खेळायचा, ग्राफिक्स कसे आहेत, फोन तापतो का, यात शिरत नाही. मला दिव्याबद्दल बोलायचंय.

२१३ दिवस माझा दिवा पेटता होता. त्या रात्री अकराला गेम उघडला तर ‘मेंटेनन्स सुरू आहे, थोड्या वेळाने या’. साडेबाराला पुन्हा पाहिलं, तीच पाटी. झोपलो. सकाळी उघडतो तर वात काळी, तिच्यातून धुराची बारीक रेघ वर जातेय आणि खाली आकडा शून्य. ती धुराची रेघ कुणीतरी बसून, वेळ घालवून ॲनिमेट केलीय हो! तीन सेकंद वळणं घेत जाते. ती संपते न संपते तोच खिडकी उघडते: ‘दिवा पुन्हा पेटवा, ३०० हिरे.’ माझ्याकडे हिरे ४०. दुकान यांनी बंद ठेवायचं आणि दंड गिऱ्हाइकाने भरायचा.

तक्रार केली. स्क्रीनशॉट जोडले. पहिलं उत्तर आलं की कॅशे साफ करून पाहा. दुसरं उत्तर, ॲप अपडेट करून पाहा. तिसऱ्या वेळी कुणीतरी माझी मेल वाचली असावी, कारण त्यात खुलासा होता: गेमचा दिवस सर्व्हरच्या घड्याळाने बदलतो, मेंटेनन्स माझ्या पहाटे चारला संपलं, दिवस त्यानंतर दीड तासाने बदलला, ‘म्हणजे आपल्याकडे पुरेसा वेळ उपलब्ध होता’. पहाटे चार ते साडेपाच! मी दूधवाला आहे का? चौथ्या मेलनंतर ‘सदिच्छा भेट’ म्हणून ५० हिरे आले. चाळीस आणि पन्नास किती होतात ते त्यांनीही मोजलं असणारच.

ताईला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला, फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “अरे, विझला तर विझला. तुझं कुठं तेल जळत होतं त्यात?”

राग आला, पण प्रश्न डोक्यात राहिला. पहिले दोन महिने मी कोड्यांसाठी गेम उघडत होतो, हे नक्की. साठाव्या-सत्तराव्या दिवसानंतर दिव्यासाठी उघडायला लागलो. शेवटी शेवटी तर रात्री दात घासता घासता बारावी लेव्हल पुन्हा खेळायची, कारण ती डाव्या हाताने ४२ सेकंदांत होते, दिव्याचा आकडा वाढला की फोन खाली. नवी लेव्हल तीन आठवडे उघडली नव्हती. आणि गंमत अशी की कंपनीच्या वहीत मी आदर्श खेळाडू. या धंद्यात नवा माणूस पहिल्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी परत येतो का हे मोजतात, पुढे रोज किती जण आले ते मोजतात. त्या हजेरीत माझ्या ४२ सेकंदांची एक खूण आणि दोन तास मनापासून खेळणाऱ्याचीही एकच.

दिवा काम का करतो हे कळायला फार डोकं लागत नाही. मिळालेल्या शंभरापेक्षा गेलेले शंभर जास्त टोचतात. कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हे नीट मांडलं. रोज काही मिळवायला नव्हे, साठलेलं जाऊ नये म्हणून माणूस येतो. फार्मव्हिल हा शेतीचा गेम २००९ मध्ये आला तेव्हा वेळेवर परत न आल्यास पीक सुकायचं, त्याचाच हा नातू. अल्बमही त्याच घरातला. नवा अल्बम उघडला की दहापैकी दोन स्टिकर आधीच चिकटवलेले. मला वाटलं, किती दिलदार लोक! मग गाड्या धुणाऱ्या एका दुकानातला प्रयोग वाचनात आला, २००६ सालचा. एका गटाला आठ शिक्क्यांचं कार्ड दिलं, दुसऱ्याला दहा शिक्क्यांचं पण दोन आधीच मारलेले. दोघांनाही गाडी आठच वेळा धुवायची. पहिल्यातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पुरं केलं, दुसऱ्यातल्या ३४ टक्के. माझे दोन फुकटचे स्टिकर ते हेच.

पण सगळ्यात झोंबला तो १९७३ चा एक प्रयोग. चित्रं काढायची हौस असलेली लहान मुलं घेतली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात तीच मुलं स्केचपेनांकडे बाकीच्यांपेक्षा निम्माच वेळ फिरकली. ज्यांना न सांगता, अचानक प्रशस्तिपत्रक दिलं होतं त्यांचं काही बिघडलं नव्हतं. बारावी लेव्हल डाव्या हाताने खेळणारा मी, दुसरं काय.

इथवरचं सगळं दिवा विझला त्याच आठवड्यात लिहून ठेवलं होतं आणि एक तारा देऊन मोकळा होणार होतो. आळसामुळे राहिलं. बरं झालं राहिलं, कारण मत थोडं बदललंय.

अकरा दिवस मी गेम उघडलाच नाही. पहिल्या दिवशी नोटिफिकेशन आलं, ‘दिवा तुमची वाट पाहतोय’. तिसऱ्या दिवशी, ‘झाडं सुकत चालली’. सातव्या दिवशी, ‘आम्हाला विसरलात? ही घ्या २०० नाणी’. मग सगळं चिडीचूप. रुसलेल्या पाहुण्यासारखं बसलो होतो आणि कुणी विचारेना. तेवढ्यात ताई घरी आली. चहा होईपर्यंत तिने फोन काढला आणि हाच गेम सुरू केला. मी पाहतो तर ती ६४० व्या लेव्हलवर! मी ५८८ वर. ती आठवड्यातून दोनदा खेळते, नोटिफिकेशन पहिल्याच दिवशी बंद केलेली. म्हटलं, “आणि तुझा दिवा?”

“कुठला दिवा?”

कोपरा दाखवला. ती म्हणाली, “ते होय! मला वाटलं जाहिरात आहे.”

त्या रात्री नोटिफिकेशन बंद केली आणि ५८९ पासून नीट बसलो. आणि कबूल करतो, लेव्हल बनवणारा माणूस या कंपनीत कुणीतरी जातिवंत आहे. साधारण चाळीस लेव्हलनंतर एकच नवा भाग येतो, त्याआधी नाही. झडप आली तेव्हा पहिल्या लेव्हलमध्ये बाकी पाइप फिरतच नव्हते. ती उघडायची की मिटायची, एवढंच हातात. तिथे हरणं अशक्य. मग तीच झडप जुन्या टी-पाइपला जोडून देतात आणि आपण वीस मिनिटं डोकं खाजवतो. दोन अवघड लेव्हलनंतर एक सोपी हमखास. मुख्य म्हणजे मांडणी दर वेळी तीच. पुन्हा खेळलं तर पाइप जागच्या जागी असतात, त्यामुळे हरलो तर चूक माझी आणि सुटलं तर अक्कल माझी. रंग जुळवायच्या पुष्कळ गेममध्ये वरून काय पडेल ते नशीब. तिथे शेवटच्या एका चालीसाठी अडकलो की मला नेहमी वाटतं, हे मुद्दाम अडकवलंय. इथे तसं एकदाही वाटलं नाही.

५९१ मध्ये एकच टाकी आणि तीन झाडं आहेत. पाणी आधी लांबच्या झाडाला नेलं नाही तर जवळचं झाड सगळं पिऊन टाकतं. हे लक्षात आलं तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. २१३ दिवसांत दिव्याकडे बघून एकदाही हसलो नव्हतो.

लाइफबद्दल तक्रार नाही. पाच लाइफ, अर्ध्या तासाला एक, हा कँडी क्रशच्या काळापासूनचा रिवाज आहे आणि मला तो सोयीचा पडतो, झोप तरी होते. सोनेरी पेटीच्या नादी मात्र लागू नका. पैसे घेऊन अशा पेट्या विकायच्या तर आतल्या वस्तू मिळण्याची टक्केवारी दाखवा, असा ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये नियम केला, म्हणून कोपऱ्यातल्या ‘आय’वर दाबलं की आकडा दिसतो: सोनेरी पाइप ०.८ टक्के. मी हिशेब केला. शंभर पेट्या उघडल्या तरी एखादा मिळण्याची शक्यता जेमतेम ५५ टक्के. आणि सोनेरी पाइपमधून पाणी तेवढंच जातं. मी आठ महिन्यांत एकदाच पैसे भरले, जाहिराती काढायला. ते वसूल झाले.

आता ताजी खबर. मागच्या अपडेटमध्ये ‘राखीव तेल’ आलंय. महिन्याला दोन थेंब, एखादा दिवस चुकला तर आपोआप खर्च होतात, हिरे मागत नाहीत. डुओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपमध्ये स्ट्रीक फ्रीझ, म्हणजे एखादा दिवस चुकला तरी स्ट्रीक टिकवायची सोय, केव्हाचं आहे, यांना उशिरा सुचलं. अपडेटच्या माहितीत यावर एक ओळ होती. माझ्या चार मेलचा त्यात वाटा असावा असं मी धरून चाललोय. २१३ परत मिळाले का? नाही. पुन्हा विचारलं तर उत्तर आलं की ही सोय मागील तारखेपासून लागू होत नाही.

तीन तारे. दोन दिव्याचे कापले, एक अख्खा आणि एक धुराच्या रेघेचा.

परवा पुन्हा मेंटेनन्स होतं म्हणे. मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, राखीव तेलाचा एक थेंब कमी दिसला तेव्हा. सध्या ५९४ वर अडकलोय. कुणाची सुटली असेल तर डावीकडची झडप आधी की उजवीकडची, एवढंच सांगा. पुढचं सांगू नका.