सोडियम स्टार्च ग्लायकोलेट (टाइप ए): झिंक-स्टार्चसाठी घ्यावं का?

गोळी पोटात लवकर फुटून सुटी व्हावी म्हणून औषधनिर्माणात वापरली जाणारी ही पांढरी भुकटी जंतुरोधक झिंक-स्टार्चसाठीही (झिंक बांधलेला स्टार्च) उत्तम कच्चा माल आहे. साध्या विद्राव्य स्टार्चला लागलेलं झिंक धुताना निघून जातं. इथे स्टार्चवरचे कार्बॉक्सिल गट (आम्लधर्मी रासायनिक गट) ते धरून ठेवतात. शिवाय हे गट स्टार्चवर आपणच बसवायचे तर मोनोक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल हाताळावं लागतं, आणि ते अतिशय विषारी. तो धोका टळतो, एवढ्यासाठीच आमची पसंती याला.

फक्त ‘टाइप ए’ मागा. टाइप बीचा सामू (pH) ३ ते ५. तिथे बरेच कार्बॉक्सिल गट आम्लरूपात राहतात आणि झिंक कमी बसतं.

विश्लेषण-पत्रकावरचं २.८ ते ४.२ टक्के सोडियम हे अल्कोहोलने धुतलेल्या, कोरड्या नमुन्याचं असतं. पिशवीतल्या मालात मीठ ७ टक्क्यांपर्यंत आणि सोडियम ग्लायकोलेट २ टक्क्यांपर्यंत चालतं. हे ग्लायकोलेट झिंकला पकडून बसतं, म्हणून आधी ८० टक्के इथेनॉलने धुवाच.

सोडियम ३.५ टक्के असेल, तर १० ग्रॅम कोरड्या भुकटीला १.६७ ग्रॅम झिंक अ‍ॅसिटेट डायहायड्रेट हिशेबाने पुरतं. तयार मालात झिंक जास्तीत जास्त ५ टक्क्यांच्या आसपास भरतं. ईडीटीए अनुमापनात (झिंक मोजण्याची रासायनिक पद्धत) त्याहून बरंच जास्त आलं तर खूश होऊ नका: धुणं अपुरं आहे, किंवा सामू ७ च्या वर जाऊन झिंक हायड्रॉक्साइड खाली बसलंय.

भुकटी नुसत्या पाण्यात टाकू नका. ती फुगून चिकट लगदा होते आणि गाळणकागद तुंबतो. ७० टक्के इथेनॉलमध्ये ढवळा, त्याच मिश्रणाने धुवा आणि गाळलेल्या द्रवात झिंक दिसेनासं झाल्यावरच थांबा. वाळवताना तापमान ५० अंशांच्या आत ठेवा.

चाचणीत मात्र हा माल फसवू शकतो. बांधलेलं झिंक आगरमध्ये (जंतू वाढवायच्या घट्ट माध्यमात) फारसं पसरत नाही, त्यामुळे प्लेटवरचं जंतू न वाढलेलं वर्तुळ लहान येतं. द्रव माध्यमात जिवंत जंतू मोजणंच योग्य. फॉस्फेट बफर टाळा, झिंक फॉस्फेटचा साका बसतो. सोबत दोन तुलना हव्यातच: झिंक नसलेली मूळ भुकटी आणि तेवढंच झिंक असलेलं झिंक अ‍ॅसिटेट.

स्टार्च खाण्यातलं आहे म्हणून झिंक-स्टार्च आपोआप सुरक्षित ठरत नाही. सुटं झिंक आपल्या पेशींनाही मारतं. आयएसओ १०९९३-५ (पेशींना होणारा विषार तपासण्याचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे अर्क काढून पेशी-चाचणी करा. जिवंत पेशी ७० टक्क्यांच्या खाली गेल्या तर ती खेप त्वचेसाठी वापरू नका.