केळीच्या मळ्यांमधून रविवारची सायकल फेरी: फैजपूर ते बामणोद आणि परत

डिसेंबरातल्या एका रविवारी मी आणि माझ्या नणंदबाई यावल तालुक्यातल्या एका सामूहिक सायकल फेरीला गेलो होतो. जळगावातला एक लहान गट हिवाळ्यात पंधरा दिवसांआड ही फेरी काढतो. माणशी 450 रुपयांत सायकल, हेल्मेट, चहा आणि शेवटी भरिताचे जेवण मिळते. स्वतःची सायकल आणणाऱ्यांना 300 रुपये पडतात. नणंदबाईंचे वय 54 आहे आणि शाळा सुटल्यापासून त्यांनी सायकलला हात लावलेला नव्हता. ‘कोणालाही मागे सोडले जाणार नाही’ या जाहिरातीतल्या एका वाक्याच्या भरवशावर आम्ही पैसे भरले होते, म्हणून ते वाक्य कितपत खरे ठरले हेच मला प्रामुख्याने सांगायचे आहे.

फैजपूरला सकाळी साडेसहाला जमायचे होते. आम्ही एकूण 15 जण होतो. निघण्यापूर्वी दहा मिनिटे नियम समजावून सांगण्यात आले, आणि ते वरवरचे नव्हते. पुढे एक माहीतगार आणि सर्वांत शेवटी दुसरा. पुढच्याला ओलांडून कोणी जायचे नाही आणि शेवटच्याच्या मागे कोणी राहायचे नाही. रस्ता फुटेल तिथे माहीतगाराच्या लगेच मागे असलेल्याने थांबायचे, वळण दाखवायचे आणि शेवटचा माणूस आल्यावरच तिथून हलायचे. मागून वाहन आले की शेवटच्याने ‘गाडी!’ अशी हाक द्यायची, ती हाक एकेकाने पुढे पोचवायची आणि सर्वांनी एका ओळीत यायचे. खड्डा दिसला तर त्या बाजूचा हात खाली करून दाखवायचा. एवढ्या साध्या व्यवस्थेमुळे अनोळखी रस्त्यावरही चुकण्याची धास्ती राहत नाही, हे मी त्या दिवशी प्रत्यक्ष अनुभवले.

न्हावी, हिंगोणे आणि बामणोद करून फैजपूरला परत, असा साधारण 30 किलोमीटरचा फेरा होता. मोठा हमरस्ता शक्य तितका टाळून आयोजकांनी शेतरस्ते आणि गावांना जोडणारे अरुंद डांबरी रस्ते निवडले होते, आणि या फेरीचे निम्मे श्रेय मी त्या निवडीला देते. दोन्ही बाजूंना केळी, मधूनच हरभरा किंवा कपाशी, आणि उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ. उघड्या रानातून सायकल केळीच्या दोन मळ्यांमध्ये शिरली की हवा एकदम ओलसर आणि गार लागते, पानांवरचे दव टपटपत असते आणि वारा जवळजवळ पडतो. या भागात बागेच्या कडेने शेवरी किंवा उंच गवत लावतात, कारण जोराच्या वाऱ्याने केळीची पाने फाटतात आणि घड लागलेले खांब मोडून पडतात. हा आडोसा बागेसाठी असला तरी सकाळच्या बोचऱ्या वाऱ्यात आम्हालाही त्याचा फार आधार झाला. एका बागेत कटाई चालू होती. डोक्यावर चुंबळ आणि त्यावर अख्खा घड घेऊन मजूर बांधावरून ट्रकपर्यंत येत होते, आणि त्यांना आधी जाऊ देण्यासाठी आमच्या माहीतगाराने सगळ्यांना खाली उतरायला लावले. मला ते फार आवडले. रस्ता त्यांच्या कामाचा आहे आणि आपण पाहुणे आहोत, हे भान आयोजकांना आहे.

निघताना फैजपुरातच पाच मिनिटे 1936 च्या अधिवेशनाविषयी सांगण्यात आले. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते आणि सजावट नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावाकडच्या साहित्यातून केली होती. लांबलचक भाषण न देता एवढेच सांगितले, ते बरे झाले.

जाहिरातीतल्या वाक्याची खरी परीक्षा हिंगोण्याच्या अलीकडे झाली. नणंदबाईंच्या सायकलचे मागचे चाक बसले. शेवटी चालणारा तरुण लगेच थांबला, त्याने शिट्टी दिली आणि पुढचा सगळा ताफा बाभळीच्या सावलीत उभा राहिला. त्याने चाक काढले, ट्यूब ओढून घेतली, पण नवी घालण्याची घाई केली नाही. टायरच्या आतून बोटे अगदी सावकाश फिरवत तो म्हणाला, “काकू, काटा आतच असतो. तो न काढता ट्यूब बदलली तर दोन किलोमीटरवर पुन्हा बसणार.” खरोखरच रबरात रुतलेले बाभळीच्या काट्याचे टोक सापडले. चिमट्याने ते काढून त्याने नणंदबाईंच्या तळहातावर ठेवले, तेव्हा ते तिळापेक्षा मोठे नव्हते. वीस मिनिटे गेली. पुढे गेलेल्या तरण्या मुलांपैकी कोणीही घड्याळाकडे पाहिले नाही, उलट बांधावरच्या शेतकरी दादांनी “कुठी चालले भो?” म्हणून विचारपूस केली आणि सगळ्यांना माठातले पाणी दिले. ‘माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला,’ असे नणंदबाई दोनदा म्हणाल्या, आणि दोन्ही वेळा त्या तरुणाने ‘फेरी शेवटच्या सायकलच्याच वेगाने चालते’ असे शांतपणे सांगितले. मला वाटते, पैसे त्या वाक्याचेच होते आणि ते वसूल झाले.

बामणोद हे भरिताच्या वांग्यांसाठी प्रसिद्ध गाव आहे, आणि जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. जेवण एका शेतात होते. फिकट हिरवी, लांबट, हातात जड लागणारी वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजली जात होती. साल काळी पडून आतला गर मऊ झाला की वांगी सोलून लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचली जातात. मग कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर आणि फोडणी. गॅसवर भाजलेल्या वांग्याला हा धुरकट स्वाद येतच नाही. बरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी होती, आणि ती शेवटच्या पंगतीलाही गरम मिळाली.

दोन गोष्टी मात्र सुधारायला हव्यात. पहिली सायकलींची. भाड्याच्या सर्व सायकली एकाच मापाच्या, उंच सांगाड्याच्या होत्या. नणंदबाईंची उंची पाच फूट. सीट सर्वांत खाली करूनही थांबताना त्यांचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते, आणि वळणावर त्या दोनदा तोल जाता जाता वाचल्या. नवशिक्यांना बोलावणाऱ्यांनी नोंदणी करतानाच उंची विचारली पाहिजे. दुसरी गोष्ट मदतीला ठेवलेल्या पिकअपची. ती पहिले आठ-दहा किलोमीटर आमच्या अगदी पाठीशी घरघरत चालली, त्यामुळे धूर नाकात जात होता आणि ज्या शांततेसाठी आलो तीच हरवली होती. मी सांगितल्यावर चालकाने गाडी पुढच्या गावी नेऊन उभी केली; ही पद्धत त्यांनी पहिल्यापासूनच ठेवावी.

दोन्ही तक्रारी मी आयोजकांना लेखी कळवल्या. लहान मापाच्या दोन सायकली घेणार असल्याचे त्यांचे उत्तर आले आहे. त्या येईपर्यंत कमी उंचीच्या बायकांनी घरची सायकल न्यावी. भुसावळहून सायकली नेण्याची सोय त्याच पिकअपमध्ये होते, फक्त आदल्या दिवशी कळवावे लागते. फेब्रुवारीनंतर ऊन चढते आणि चांगली वांगीही मिळेनाशी होतात, तेव्हा जायचे असेल तर त्याआधी जावे. आम्ही दोघींनी जानेवारीतल्या फेरीसाठी नावे दिली आहेत.