अकरा मिनरल्स एका गोळीत: मल्टिमिनरल टॅबलेटचा रिव्ह्यू, लेबल नीट वाचून

ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या चार डब्या उचलून मागची बाजू वाचली तर फॉर्म्युला जवळपास तोच निघतो. त्यामुळे हा रिव्ह्यू एका डबीचा नाही, या प्रकारच्या गोळीचाच समजा. दिवसाला एक गोळी, आत कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, लोह, झिंक, कॉपर, मँगनीज, सेलेनियम, आयोडीन, क्रोमियम, मॉलिब्डेनम, आणि डबीवर मोठ्या अक्षरात 'संपूर्ण मिनरल पोषण'. मी डबी संपेपर्यंत रोज घेतली आणि त्या 'संपूर्ण' शब्दाबद्दलच मला बोलायचंय.

आधी गोळी कशी आहे ते. मोठी आहे, चांगलीच मोठी, लांबट आणि वरून गुळगुळीत कोटिंग. मधून रेघ आहे पण तोडली की कडा खडबडीत होते आणि आतला राखाडी भुगा जिभेला लागतो, खडूसारखा, मागे लोखंडी चव रेंगाळते. ज्यांना गोळी गिळायला त्रास होतो त्यांनी विचार करूनच घ्या. रिकाम्या पोटी घेतली तर अर्ध्या तासात मळमळायचं, ते बहुतेक झिंक आणि लोहाचं काम, दोन्ही रिकाम्या पोटी त्रास देतात. जेवणानंतर घेतली तेव्हा काही झालं नाही. शौचाचा रंग गडद होतो, लोहामुळे होतो, घाबरू नका. (पण लोह चालू नसताना काळं डांबरासारखं होत असेल तर मात्र डॉक्टरांकडे जा, ते रक्त असू शकतं.)

आता लेबल. कॅल्शियम २०० एमजी, कार्बोनेट. मॅग्नेशियम १०० एमजी, ऑक्साइड. पोटॅशियम ८० एमजी. लोह १८ एमजी, झिंक १५ एमजी, सेलेनियम ५५ मायक्रोग्रॅम, आयोडीन १५० मायक्रोग्रॅम, बाकीचे असेच छोटे छोटे आकडे.

मोठ्या माणसाला दिवसाला कॅल्शियम लागतं साधारण १००० एमजी, मॅग्नेशियम ३०० ते ४०० च्या आसपास आणि पोटॅशियम तर डब्ल्यूएचओच्या हिशोबाने ३५०० एमजीच्या वर (देशादेशाचे आकडे थोडे मागेपुढे होतात पण अंदाज हाच). म्हणजे या गोळीतून कॅल्शियमचा पाचवा हिस्सा आणि पोटॅशियमचा जेमतेम सव्वादोन टक्के. आणि यात कंपनीने कंजुषी केली असंही नाही, ते गोळीत मावतच नाही हो! कॅल्शियम कार्बोनेटमध्ये कॅल्शियम फक्त ४० टक्के असतं, म्हणजे १००० एमजी कॅल्शियमसाठी अडीच ग्रॅम पावडर लागेल, ती पण एकट्या कॅल्शियमची. शरीरात कॅल्शियम किलोभर असतं, त्यातलं ९९ टक्के हाडं आणि दातांत, त्याची रोजची गरजच एवढी मोठी आहे की 'एका गोळीत सगळं' हे वजनाच्या हिशोबातच बसत नाही. ती गरज जेवणातूनच भागायला हवी. आणि समजा मावलंच असतं तरी शरीर एका वेळी साधारण ५०० एमजीपर्यंतच कॅल्शियम नीट शोषतं, त्याच्या वर गेलं की शोषण्याचं प्रमाण घसरतं.

मग मॅग्नेशियम. इथे माझी खरी तक्रार आहे. ऑक्साइड वापरलंय, कारण ऑक्साइडमध्ये वजनाच्या ६० टक्के मॅग्नेशियम असतं, कमी जागेत मोठा आकडा छापता येतो. पण ते पाण्यात फारसं विरघळत नाही, आतड्यातून कमी शोषलं जातं, उरलेलं पुढे जाऊन पोट सैल करतं. सायट्रेट जास्त चांगलं शोषलं जातं, पण त्यात मॅग्नेशियम फक्त १६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जागा खूप खाणार. आता दुकानातली दुसरी डबी घ्या, तिच्यावर 'मॅग्नेशियम सायट्रेट ५०० एमजी' लिहिलेलं असेल तर खरं मॅग्नेशियम ८० एमजीच्या आसपासच असतं. आकडा क्षाराचा आहे की मूळ धातूचा हे लेबलवर स्पष्ट पाहिजे, 'एलिमेंटल' असा शब्द शोधा. लोहाचंही तेच, ३२५ एमजीच्या फेरस सल्फेटच्या गोळीत लोह ६५ एमजी असतं, आणि २२० एमजी झिंक सल्फेट म्हणजे ५० एमजी झिंक. ज्याला हे माहीत नाही तो दोन डब्यांची तुलना करूच शकत नाही, आणि कंपन्यांना हे चांगलं माहीत असतं.

बरेच जण मॅग्नेशियम घेतात ते रात्री पायात गोळे येतात म्हणून. वयस्कर लोकांवर झालेल्या चाचण्या एकत्र करून बघितल्या तेव्हा त्यासाठी फायदा फारसा दिसलेला नाही. मॅग्नेशियम महत्त्वाचं नाही असं मी म्हणत नाहीये, तीनशेच्या वर एन्झाइम्सना ते लागतं, शरीरात २५ ग्रॅम असतं. पण त्यातलं १ टक्क्याहून कमी रक्तात असतं, त्यामुळे साध्या रक्ततपासणीत नॉर्मल आलं तरी आतला साठा किती आहे ते कळत नाही, आणि याच धूसरपणावर अख्खं मार्केट उभं आहे.

लोह. १८ एमजी हा आकडा पाळी येणाऱ्या बायकांच्या गरजेवर बेतलेला आहे. पुरुषांना आणि पाळी थांबलेल्या बायकांना ८ एमजी पुरतं. आणि डबीवर मात्र 'स्त्री-पुरुष सर्वांसाठी'. हे मला अजिबात पटलं नाही. शरीराकडे जादा लोह बाहेर टाकायची सोयच नाही, दिवसाला जेमतेम १ एमजी असंच झिजून जातं, बाकी सगळं नियंत्रण आत किती घ्यायचं यावर. काही घराण्यांमध्ये हीमोक्रोमॅटोसिस नावाचा आजार असतो, त्यात ते नियंत्रणच बिघडलेलं असतं आणि लोह यकृतात, हृदयात साठत जातं, अशा माणसाने ही गोळी वर्षभर घेतली तर काय होईल विचार करा. लोह घ्यायचं तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा किती ते दाखवणारं प्रथिन) तपासून घ्या, साधी रक्ततपासणी आहे.

आणि ज्यांना लोह खरंच कमी आहे त्यांनाही ही गोळी फारशी उपयोगी नाही, कारण त्याच गोळीत कॅल्शियम आहे आणि कॅल्शियम लोहाचं शोषण कमी करतं. वरून आपण गोळीवर चहा किंवा कॉफी घेणार, ते अजून अडवणार. लोहासोबत व्हिटॅमिन सी असलेलं काहीतरी घ्यावं आणि कॅल्शियम वेगळ्या वेळी, हे डॉक्टर सांगतातच. शिवाय लोहाचा मोठा डोस घेतला की यकृतातून हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि पुढचे २४ तास आतड्याचं दार अर्धवट बंद राहतं, म्हणून हल्ली काही डॉक्टर एक दिवसाआड गोळी देतात, पोटालाही कमी त्रास होतो. 'रोज एक'च्या डबीत असला विचार कुठून येणार.

झिंक १५ एमजी आहे, ठीक आहे, वरची मर्यादा ४० एमजी धरतात. सोबत कॉपर १ एमजी दिलंय आणि हे या फॉर्म्युल्यातलं मला आवडलेलं काम. झिंक जास्त झालं की आतड्याच्या पेशींत मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन वाढतं, ते कॉपरला धरून ठेवतं आणि त्या पेशी झडल्या की कॉपर त्यांच्यासोबत बाहेर. दातांची कवळी चिकटवायच्या काही क्रीममध्ये पूर्वी झिंक असायचं, ती वर्षानुवर्षं भरमसाठ वापरणाऱ्या काही लोकांना कॉपर एवढं कमी पडलं की हातापायांत मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणं इथपर्यंत गेलं. म्हणून सर्दी झाली की ५० एमजीच्या झिंकच्या गोळ्या महिनोन् महिने खाणारे जे आहेत ना, त्यांनी प्लीज थांबा. मूल वाढायला झिंक किती लागतं हे १९६० च्या दशकात डॉ. आनंद प्रसाद यांनी इराण आणि इजिप्तमध्ये वाढ खुंटलेल्या तरुणांवर काम करून दाखवलं, तोपर्यंत माणसाला झिंक कमी पडू शकतं हे कोणी मानतच नव्हतं. ज्याला कमी आहे त्याच्यासाठी ते सोन्यासारखं आहे, जुलाब झालेल्या लहान मुलांना ओआरएससोबत १०–१४ दिवस झिंक द्या असं डब्ल्यूएचओ सांगतं ते उगाच नाही.

आयोडीन १५० मायक्रोग्रॅम, बरोबर दिवसाची गरज. पण घरात आयोडीनयुक्त मीठ असेल तर बहुतेकांचं तिथेच भागतं. स्वित्झर्लंडमध्ये १९२२ पासून मिठात आयोडीन घालायला लागले आणि गलगंडाचं प्रमाण उतरत गेलं, इतकं सोपं काम मिठाने केलंय की गोळीची गरज उरते ती गरोदर बायकांना किंवा ज्यांचं मीठ साधं आहे त्यांना, तीही डॉक्टरांना विचारून. थायरॉइडचा आजार असेल तर आपल्या मनाने नकोच. आणि हो, थायरॉइडची गोळी चालू असेल तर कॅल्शियम-लोहवाली कुठलीही गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवा, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषलीच जात नाही. काही अँटिबायोटिक्सचंही तसंच, टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन वगैरे, मिनरल त्यांना चिकटून बसतं. माझ्या आईची थायरॉइडची गोळी सकाळी असते, ही डबी तिच्या हाती लागली असती तर तिने दोन्ही एकत्रच घेतल्या असत्या, आणि डबीवर याबद्दल एक ओळ नाही! एवढ्या मोठ्या डबीवर धावणाऱ्या माणसाचं चित्र आहे पण ही ओळ नाही. याचा मला खरंच राग आला.

क्रोमियम कशाला घातलंय कळत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१४ मध्येच सांगितलंय की ते माणसाला अत्यावश्यक आहे याचा पक्का पुरावा नाही. मँगनीज, मॉलिब्डेनम नेहमीच्या जेवणातून मिळून जातं, कमी पडणं दुर्मिळ.

सेलेनियमवर थोडं थांबते कारण इथे चूक महागात पडते. दिवसाची गरज ५५ मायक्रोग्रॅम, अमेरिकेतली वरची मर्यादा ४००, युरोपने २०२३ मध्ये ती २५५ वर आणली. मध्ये जागा फार नाही. २००८ मध्ये अमेरिकेत एका लिक्विड सप्लिमेंटमध्ये लेबलवरच्या आकड्याच्या २०० पट सेलेनियम निघालं, दोनशेच्या आसपास लोकांना त्रास झाला, केस गळले, नखं बिघडली, जुलाब, सांधेदुखी. लेबल वाचून त्या लोकांना काहीच कळणार नव्हतं, कारण लेबलच चुकीचं होतं. म्हणून ट्रेस मिनरल्सच्या (म्हणजे शरीराला अगदी थोडी लागणारी मिनरल्स) बाबतीत बॅच तपासलेली आहे का हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि '७२ मिनरल्स' म्हणून जी काळपट पाणी असलेली बाटली विकतात तिच्यापासून तर लांबच राहा, त्या ७२ मध्ये काय काय असू शकतं याचा विचार करा, शिसं आणि आर्सेनिकही निसर्गातच सापडतं.

मग घ्यावी का? ज्यांचं खाणं खरंच तुटपुंजं आहे, भूक मेलेली आहे किंवा ज्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालंय अशांना डॉक्टर काहीतरी देतीलच, पण ते त्यांच्या हिशोबाने. धडधाकट, दोन वेळ नीट जेवणाऱ्या माणसाला हिचा उपयोग मला दिसला नाही, मला स्वतःला काही फरक जाणवला नाही. थकवा असेल तर आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्या आणि जे कमी निघेल तेवढंच घ्या. किडनीचा आजार असेल तर मॅग्नेशियम-पोटॅशियमवालं काहीच विचारल्याशिवाय नको.

झाकण दाबून फिरवायचं आहे, लहान मुलांना उघडायला अवघड, हे चांगलं केलंय, कारण लोहाच्या गोळ्या मुलांनी गोड समजून खाल्ल्या तर जिवावर बेततं. तरी डबी वरच्या फळीवरच ठेवा.

मी कंपनीला मेल करून दोन प्रश्न विचारले होते, आकडे एलिमेंटल आहेत का आणि सेलेनियमची बॅचनुसार तपासणी होते का. उत्तर आलं, आकडे एलिमेंटल आहेत, आणि सोबत माझ्या बॅचचा लॅब रिपोर्टही पाठवला, त्यात सेलेनियम लेबलच्या जवळच होतं. थायरॉइडच्या गोळीबद्दल इशारा छापा असंही लिहिलं होतं, त्यावर 'संबंधित टीमला कळवलं आहे' एवढंच. पाचपैकी अडीच स्टार. तो इशारा डबीवर छापलेला दिसला की तीन करेन.