अप्पर, लोअर की एक्स? अँटिलोप कॅनियनला कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांसाठी

फिनिक्सला राहायला आल्यापासून भारतातून येणाऱ्या पाहुण्यांचा एक प्रश्न ठरलेला: "अँटिलोपला अप्पर घेऊ की लोअर?" अँटिलोप कॅनियन म्हणजे ॲरिझोनातल्या पेज गावाजवळ पाण्याने वालुकाश्मात कोरलेल्या अरुंद घळी, अप्पर आणि लोअर हे त्यांचे दोन वेगळे भाग. दोन्हींची तिकिटं वेगळी, बऱ्याच आधी काढावी लागतात, आणि पेजमध्ये बहुतेकांच्या हातात एकच दिवस असतो. त्यामुळे प्रश्न रास्त आहे. कोविडनंतर २०२१ मध्ये सगळं पुन्हा उघडलं, तेव्हापासून मी अप्पर दोनदा, लोअर तीनदा आणि कॅनियन एक्स (तिथलीच तिसरी घळ) एकदा केलंय. कधी आई-बाबांबरोबर, कधी मित्रांबरोबर, एकदा एकट्यानेच. खाली लिहितोय ते फक्त फोटोच्या अंगाने. नुसतं बघायला जात असाल तर कुठलंही घ्या, पस्तावणार नाही.

अप्पर खाली रुंद आणि वर चिंचोळं, लोअर बरोबर उलट, हे तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेलच. मीही वाचून गेलो होतो. पण त्याचा फोटोवर नेमका काय परिणाम होतो हे मला आत उभं राहिल्यावर कळलं, आणि माझा निर्णय शेवटी त्याच एका गोष्टीने केला.

आधी अप्परबद्दल. जून महिना, साडेअकराची वेळ. दिवसातलं सगळ्यात महाग तिकीट, कारण कवडसे तेव्हाच पडतात. मार्चअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत सूर्य पुरेसा वर चढतो आणि मधल्या दोनएक तासांत वरच्या फटींतून प्रकाश सरळ तळापर्यंत उतरतो. ज्यांनी कौलारू घरात काचेच्या कौलातून जमिनीवर पडलेला कवडसा पाहिलाय, त्यात तरंगणारी धूळ पाहिलीय, त्यांना वेगळं वर्णन नको. फरक एवढाच, की इथे तो तीसपस्तीस मीटर उंचीवरून येतो आणि भोवतीच्या भिंती शेंदरी असतात. गाइडने प्लास्टिकच्या फावडीने मूठभर बारीक वाळू उचलून कवडशात उडवली आणि आतापर्यंत फिकट दिसणारा तो प्रकाश एकदम खांबासारखा घट्ट झाला. अंगावर काटा आला. तो क्षण मी आयुष्यात विसरणार नाही, आणि अप्परच्या बाजूने बोलायचं तर हे एकच कारण पुरेसं आहे.

अडचण पुढे आहे. कवडसा पडतो जमिनीवर, आणि जमीन माणसांनी भरलेली असते. आमचा गट बारा-तेरा जणांचा, पुढे एक गट, मागे एक गट. गाइड बिचारा सगळ्यांना भिंतीला लावतो, वाळू उडवतो, आणि तुम्हाला मिळतात फार तर दहा-पंधरा सेकंद. तेवढ्यात कुणाचा तरी फोन वर येतो, त्याचा उजळलेला पडदा अंधारात ठळक दिसतो. मी त्या जागी अकरा फोटो काढले. सगळ्यात चांगल्या फोटोत डाव्या कोपऱ्यात एक पोपटी टोपी आहे. टोपी घालवायला फोटो खालून कापला, तर कवडशाचा पायच गेला. जमिनीवरचं ते प्रकाशाचं गोल तळं, त्यात चमकणारी वाळू, तेच नसेल तर कवडसा नुसता हवेत लटकलेला पांढरा पट्टा दिसतो. दुसऱ्या खेपेला एप्रिलमध्ये गेलो, गर्दी थोडी कमी होती, तरी तेच. वेगळी टोपी, एवढाच फरक.

यात दोष कुणाचा नाही. गाइड सगळे नवाहो, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी जमातीचे, आपल्या जमिनीवर आपली जागा दाखवतात, आणि गर्दी असूनही त्यांच्या बोलण्यात आपुलकी असते. घळीच्या आकारामुळेच हे होतं: अप्परचं सौंदर्य तळाशी आहे, आणि माणसंही तळाशीच असतात.

लोअरमध्ये हेच गणित उलटतं. तिथे तळ इतका अरुंद, की काही ठिकाणी एक पाऊल ठेवलं की दुसरं त्याच्यापुढेच ठेवावं लागतं. रुंदी वर आहे, प्रकाश वर आहे, नक्षीही वरच आहे. त्यामुळे कॅमेरा आपोआप वर जातो आणि तुमच्या पुढच्या माणसाचं डोकं चौकटीच्या खाली राहतं. गर्दी लोअरमध्येही भरपूर असते, कधीकधी जिन्यावर रांग थांबते, पण फोटोत ती येत नाही. तीन खेपांमध्ये मिळून माझ्याकडे माणूस नसलेले तीसेक फोटो असतील. अप्परच्या दोन खेपांत मिळून चार.

नवाहो भाषेतली नावंही हाच फरक सांगतात असं मला वाटतं. अप्परच्या नावाचा अर्थ खडकातून पाणी वाहतं ती जागा, लोअरच्या नावाचा अर्थ वळत गेलेल्या खडकांच्या कमानी. एकीकडे वाट, दुसरीकडे कमानी.

लोअरचा एक कोपरा माझ्या मनात घर करून बसलाय. सकाळी नऊच्या सुमाराची वेळ, ऊन अजून आत उतरलेलं नाही, फक्त वरच्या कडेला लागलंय. तिथून ते समोरच्या भिंतीवर आदळतं, तिथून परत अलीकडच्या भिंतीवर. लाल दगडावरून प्रत्येक वेळी परतताना प्रकाश आणखी तांबूस होत जातो. वर पिवळसर, मध्ये केशरी, खाली शेंदरी. आणि जिथे ऊन अजिबात पोचत नाही, नुसतं आकाशाचं निळेपण झिरपतं, तिथे चक्क जांभळा. दगडाचे थर नऊवारीच्या निऱ्यांसारखे एकावर एक पडलेले. त्या निऱ्यांच्या कडेला बोट लावलं तर मीठ लागावं तशी वाळू बोटाला लागते. (एकदाच लावलं, गाइडने नम्रपणे हात मागे घ्यायला सांगितलं, आणि ते योग्यच आहे. रोज एवढी माणसं बोट लावायला लागली तर निऱ्या उरायच्या नाहीत.)

सांदण दरी उतरलेल्यांना इथल्या अरुंदपणाचं फारसं नवल वाटणार नाही. पण सांदणचा काळा कातळ प्रकाश पिऊन टाकतो, इथला वालुकाश्म तो परत फेकतो. काम दोन्हीकडे पाण्याचंच.

आता लोअरच्या उणिवा, कारण त्या खऱ्या आहेत. एक म्हणजे जिने. उभे, लोखंडी, आणि चांगले पाच-सहा. माझ्या आईचे गुडघे दुखतात, तिला मी लोअरला नेलं नाही, अप्परलाच नेलं. तिथे आतली वाट सपाट वाळूची आहे. मात्र आता परतीची वाट बाहेरून काढलीय आणि तिथे चढउतार आहे, तेव्हा गुडघ्यांचा प्रश्न असेल तर बुकिंग करताना विचारून घ्या. आई अप्परमधून बाहेर आली ती "अरे, देवळात गेल्यासारखं वाटलं" म्हणतच. तिच्या दृष्टीने लोअरचा विचार करायचं कारणच नव्हतं.

दुसरी उणीव, लोअरमध्ये तळापर्यंत येणारा तो खांबासारखा कवडसा जवळपास मिळत नाही. आणि उन्हाळ्यात दुपारी ऊन सरळ आत आलं की भिंतींवर पांढरे चट्टे पडतात. ते कॅमेऱ्यात भाजल्यासारखे येतात, नंतर काही केल्या सावरत नाहीत. माझ्या दुसऱ्या खेपेचे अर्धे फोटो त्यातच गेले. म्हणून लोअरला शक्यतो सकाळी जा. आकाशाचा तुकडाही चौकटीत न घेतलेला बरा.

ट्रायपॉड दोन्हीकडे बंद. पूर्वी खास फोटोग्राफीच्या फेऱ्या असायच्या, ट्रायपॉड नेता यायचा, गाइड लोकांना थोपवून धरायचा. आपण इंटरनेटवर बघतो त्यातले बरेचसे स्वच्छ, निर्मनुष्य फोटो त्या काळातले आहेत. ते डोळ्यांसमोर ठेवून आज गेलात तर मन खट्टू होईल. पाठीवरची बॅगही आत नेता येत नाही. एक कॅमेरा, एक लेन्स, खिशात जास्तीची बॅटरी. मी १६-३५ मिमीची वाइड लेन्स लावतो आणि आत लेन्स बदलत नाही. पहिल्या खेपेला बदलली होती. ती वाळू पिठासारखी बारीक असते, झूमच्या कड्यात गेली आणि पुढे कित्येक महिने कडं फिरवताना करकर आवाज यायचा. आयएसओ १६०० ते ३२००, शटर १/३०च्या आसपास, कोपर बरगड्यांना घट्ट लावून. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, कॅमेरा तो सगळा शेंदरी रंग धुवून काढतो. डेलाइटवर ठेवा आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा.

ट्रायपॉडशिवाय ज्यांचं अडतंच, त्यांच्यासाठी कॅनियन एक्स. अप्पर-लोअर ज्या ओढ्याने कोरले त्याच ओढ्यावर हे आणखी वरच्या अंगाला, हायवे ९८ ने थोडं पुढे. मी गेलो तेव्हा फोटोच्या फेरीत आम्ही सहा जण होतो, ट्रायपॉड चालला, आणि एका वळणावर मी चक्क वीस मिनिटं उभा राहिलो. कुणी "चला" म्हणालं नाही. नियम बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढताना ट्रायपॉडचं विचारूनच घ्या. एवढी शांतता असूनही मी त्याला पहिला नंबर का देत नाही? तिथल्या भिंती लोअरइतक्या कोरलेल्या नाहीत असं मला वाटलं. वळणं थोडी सरळ, नक्षी थोडी ढोबळ. दुसरी-तिसरी खेप असेल तर जरूर जा. पहिल्याच खेपेला एक्स करून लोअर न बघता परत जाणं मला तरी जमलं नसतं.

गाइडशिवाय हिंडायचं असेल तर शेजारच्या युटा राज्याच्या हद्दीत वायर पास नावाची घळ आहे, तिथून पुढे बकस्किन गल्च लागते. पेजहून हायवे ८९ ने पश्चिमेला जायचं, मग आठेक मैल कच्चा रस्ता. परवान्याचे थोडे पैसे, बाकी तुम्ही आणि घळ. दोन्ही घळी मिळतात तिथे भिंतीवर रानमेंढ्यांची जुनी कोरीव चित्रं आहेत, ती मला फार आवडली. पण तो उजळ शेंदरी रंग तिथे कमीच. शिवाय पाऊस पडला की त्या रस्त्याचा चिखल होतो. साधी भाड्याची गाडी घेऊन मी ढगाळ दिवशी तिकडे जाणार नाही.

पावसाचं गांभीर्याने घ्या. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअरमध्ये लोंढा आला आणि ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस घळीवर नव्हे, कित्येक मैल वर पडला होता. तेव्हा आत लाकडी शिड्या होत्या, आजचे खडकाला पक्के ठोकलेले लोखंडी जिने त्यानंतरचे. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वळवासारखा पाऊस केव्हाही येतो आणि निरभ्र आकाश दिसत असतानाही फेरी रद्द होऊ शकते. तसं झालं तर वाद घालू नका. आत उभे असाल तेव्हा डोक्याच्या बऱ्याच वर भिंतीत अडकलेला एखादा ओंडका दिसेल. तो तिथे पाण्यानेच नेऊन ठेवलाय.

आणखी एक, घड्याळ. ॲरिझोनात उन्हाळी वेळ पाळत नाहीत, युटात पाळतात, नवाहो भूमीवरही पाळतात, पण पेजच्या फेऱ्या चालतात ॲरिझोनाच्या वेळेवर. युटातल्या ब्राइस कॅनियनहून येताना आमचा फोन तासभर पुढे होता. धावतपळत पोचलो आणि मग तासभर उन्हात उभे राहिलो. फोनची वेळ हाताने फिनिक्सवर लावून ठेवा.

तर सांगायचं झालं तर असं: मे ते ऑगस्टमध्ये येत असाल, कवडसा डोळ्यांनी बघायची ओढ असेल, किंवा बरोबर वडीलधारी मंडळी असतील, तर अप्परच घ्या आणि कवडशांच्या वेळेचंच घ्या, पैसे वाचवायला सकाळचं घेऊ नका. तिथे फोटोची फार आशा न धरता वाळू उडाली की आधी डोळ्यांनी बघून घ्या. दोन दिवस असतील तर एक दिवस अप्पर, दुसऱ्या सकाळी लोअर. आणि एकच दिवस, एकच तिकीट, हातात कॅमेरा असेल, तर दुसऱ्या कुणाचं मत वेगळं असू शकतं हे मान्य करून मी लोअर म्हणेन.

माझी मावसबहीण ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून येतेय. नवा कॅमेरा घेतलाय, आणि कवडशांचा हंगाम तोवर संपलेला असेल. तिच्यासाठी लोअरचं सकाळी पावणेनऊचं काढून ठेवलंय. संध्याकाळी हॉर्सशू बेंड, म्हणजे कोलोरॅडो नदीचं घोड्याच्या नालेसारखं वळण, तिथे सूर्य समोरच मावळतो. दोन तिकिटं काढलीत, एक माझं.